न धुतलेली जर्सी

प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या हातून रद्दीवाल्याला काही म्हणून मिळत नाही. कुणी जुन्या किल्ल्या साठवतो, कुणी बंद पडलेली घड्याळं. आपल्या गोष्टीतल्या फ्रेमवाल्याला खेळाचं वेड होतं. दुकानात तो लोकांच्या लग्नाचे फोटो आणि पदव्या काचेत बसवायचा आणि दुकानामागच्या खोलीत स्वतःचा खजिना. त्याच्या आजोबांच्या काळी सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी चित्रं निघत. आजोबांनी ती डबाभर जमवली. वडिलांनी सह्यांच्या वह्या भरल्या. फ्रेमवाल्याचं मात्र सहीवर भागेना. त्याला खेळाडूच्या अंगाला लागलेली वस्तू हवी असायची. झिजलेला बूट, उसवलेला हातमोजा, मातीने माखलेला चेंडू. सही कुणीही ठोकून देतं, घामाचं सोंग आणता येत नाही, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. आणि मंडळी, त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. जो क्षण आपण हजारो माणसांच्या खांद्यांवरून, लांबून पाहिला, त्याचा एक तुकडा आपल्या हातात यावा असं कुणाला वाटत नाही?

त्या खोलीतल्या मधल्या भिंतीवर बुरुजाची जर्सी होती. बुरूज म्हणजे शहराच्या फुटबॉल संघाचा बचावपटू. त्याचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. तेहतीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात पूर्वार्धातच त्याचं डोकं फुटलं. पट्टी बांधून तो पुन्हा उतरला, पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि संघ जिंकला. बारा वर्षांचा फ्रेमवाला तेव्हा वडिलांशेजारी बाकावर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "ऊठ बुरुजा, ऊठ!" सगळं मैदानच ओरडत होतं. ती जर्सी पुढे कधी धुतली गेली नाही. गळ्यापासून छातीपर्यंत रक्ताचा डाग तसाच राहिला होता आणि संग्राहकांच्या लेखी सगळा मान त्या डागालाच होता.

फ्रेमवाल्याची बायको त्या खोलीत एकटी जायची नाही. तिथे कुणीतरी बसलंय असं वाटतं, म्हणायची. तो ते हसण्यावारी न्यायचा. पण खरं सांगायचं तर काच कापताना तोही कधी जर्सीकडे पाठ करून बसत नसे. हवा दमट असली की काचेवर आतून वाफ धरायची, डाग ओलसर दिसायचा आणि फ्रेम चारी बाजूंनी पक्की बंद असूनही खोलीत घामाचा वास यायचा. एकदा भर दुपारी त्याला मागून "ऊठ" असं ऐकू आलं. आवाज लहान मुलाचा होता. रस्त्यावरची पोरं असतील म्हणून त्याने खिडकीतून पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्याने पुन्हा काच कापायला घेतली आणि ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही.

त्याची मुलगी, घरातली चिमणी, पंधरा वर्षांची होती आणि मुलींच्या संघाची गोलरक्षक होती. लहानपणापासून बाबा तिला त्या डागासमोर उभी करून बुरुजाची कथा सांगत आले होते. त्या गुरुवारी उपांत्य सामन्यात झेप घेताना तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. ती मिनिटभर पडून राहिली, मग उठली, आणि बाबांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. शुक्रवारी तिने उजेड सहन होत नाही म्हणून पडदे ओढून घेतले. शनिवारी सकाळी तिने विचारलं, "बाबा, माझे हातमोजे कुठे आहेत?" हातमोजे तिच्या मांडीवरच होते. फ्रेमवाला खो खो हसला. फायनलने भल्याभल्यांची अशीच गाळण उडते, म्हणाला. बायकोने डॉक्टरांचं नाव काढलं, तर त्याने उडवून लावलं. उद्या अंतिम सामना, डॉक्टर तिला अंथरुणातच टाकणार, तेव्हा सोमवारी बघू. चिमणीनेही मान डोलावली. तिलाही खेळायचंच होतं.

शिवाय त्या दुपारी त्याच्याकडे पाहुणी यायची होती. अशा जर्सीला खात्रीपत्र लागतं. ही त्याच दिवसाची, त्याच माणसाच्या अंगातली, असं तेव्हा हजर असलेल्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं. फ्रेमवाल्याकडे तेवढंच नव्हतं. बऱ्याच शोधानंतर त्याला संघाचे कपडे धुणारी मावशी सापडली होती. तीस वर्षं तिने संघाचं गाठोडं सांभाळलं होतं. आता ऐंशीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार, पण नजर शाबूत.

मावशी आली. तिने फ्रेम खाली उतरवायला लावली, मागचा पुठ्ठा काढायला लावला आणि गळपट्टी बोटांनी उलटी केली. आतल्या बाजूला चार हिरवे टाके होते. पांढरा दोरा संपला होता, तेव्हा घाईत घातलेले, म्हणाली. फ्रेमवाल्याचा आनंद गगनात मावेना. त्याने कागद आणि पेन पुढे सरकवलं. मावशीने पेन उचललं नाही.

"मध्यंतरात मी त्याच्या डोक्याला पट्टी धरून बसले होते," ती म्हणाली. "तो मला म्हणाला, मावशी, आई आलीय का सामना बघायला? मी म्हटलं, अरे, असं काय विचारतोस? त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याने परत तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं."

"मग?"

"मग काय, सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, भरपूर टोला बसलाय याला. आणि त्याला उठवून बाहेर पाठवला. बाहेर तुम्ही लोक ओरडतच होता."

फ्रेमवाला म्हणाला की मी तेव्हा लहान होतो. मावशी म्हणाली, मी नव्हते ना लहान. बुरूज पुढे सहा महिन्यांत खेळातून गेला आणि हळूहळू सगळ्यातूनच गेला. आता बहिणीकडे असतो. रोज दुपारी तयार होऊन दाराशी बसतो, आणि मावशी भेटायला गेली की विचारतो, आई आलीय का?

"माझ्या हातून हजारो कपडे धुऊन निघाले," मावशी म्हणाली. "हा एवढा निघाला नाही. कुणीतरी गाठोड्यातून उचलून नेला. तुम्ही म्हणता हा डाग शौर्याचा. भाऊ, ज्याला आई कुठे गेली ते आठवत नाही, तो कसलं शौर्य करणार? तो फक्त उठला, कारण आपण ऊठ म्हटलं. त्याला बसवायला एक माणूस पुरे होता. मी तिथे होते, मी बसवलं नाही."

बंद काचेबाहेर पहिल्यांदाच आलेल्या जर्सीचा वास सगळीकडे पसरला होता, जुना आणि आंबट. तेवढ्यात दारात चिमणी येऊन उभी राहिली. दिव्याचा उजेड नको म्हणून तिने कपाळावर आडवा हात धरला होता.

"बाबा, माझे हातमोजे कुठे आहेत?"

हातमोजे तिच्या हातांत होते. चढवलेले.

मावशीने फ्रेमवाल्याकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. सकाळी आपण कसे हसलो, तो आवाज त्याला स्वतःच्याच कानांत ऐकू आला, आणि त्याच्या मागून तो दुसरा, बारक्या मुलाचा, इतकी वर्षं या खोलीत भटकणारा. तो आवाज कुणाचा, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. अरे देवा! तो आपलाच होता!

पंधरा मिनिटांत ते दवाखान्यात होते. डॉक्टरबाईंनी चिमणीला तारीख विचारली, वार विचारला, एका पायावर उभं राहायला सांगितलं. मेंदूला हादरा बसलाय, म्हणाल्या. पूर्ण विश्रांती घेतली तर बहुतेक बरी होईल, पण यावर दुसरा टोला बसला असता तर काय झालं असतं, ते सांगवत नाही. फ्रेमवाल्याने तिथूनच प्रशिक्षकांना फोन केला. प्रशिक्षक वैतागले, संघाचं नाव घेतलं, बुरुजाचंही नाव घेतलं. फ्रेमवाला एवढंच म्हणाला, "ती खेळणार नाही. दोष माझा, बोल मला लावा."

चिमणीने मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. आयुष्यभर एक गोष्ट शिकवायची आणि आयत्या वेळी फिरवायची, याचा तिला राग आला होता, आणि तो चुकीचा नव्हता. रविवारी ती हट्टाने मैदानावर आली. डॉक्टरबाईंनी गॉगल आणि टोपी घालून तासभर सावलीत बसायची परवानगी दिली होती. ती आईच्या पलीकडे बसली. बाबांकडे तिने पाहिलंही नाही.

गोलमध्ये राखीव मुलगी होती, काटकुळी, चौदाची. तिने जीव तोडून तीन गोल अडवले. सामना संपायला दहा मिनिटं उरली असताना ती चेंडूवर झेपावली आणि समोरून धावत येणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती खाली पडली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी सुरुवात केली, "ऊठ!" बघता बघता सगळे ओरडायला लागले. आई-बाप, शिक्षक, शेजारी. तुमच्या-आमच्यासारखीच भली माणसं. कुणाच्या मनात काळं नव्हतं. मुलगी कोपरांवर उठायला धडपडू लागली.

फ्रेमवाला बाकावर उभा राहिला. तेहतीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता तसाच.

"उठू नकोस!" तो ओरडला. "बाळा, पडून राहा!"

माणसं वळून बघू लागली. कुणीतरी त्याला खाली बस म्हणून झापलं, कुणीतरी संघाचा शत्रू म्हटलं. त्याचा आवाज चिरकला, तरी तो ओरडत राहिला. एकट्याच्या आवाजाने काय होणार होतं? पण मग त्याच्या डाव्या बाजूने दुसरा आवाज आला. गॉगल लावलेली चिमणी उभी राहिली होती.

"उठू नकोस गं! मी सांगते, पडून राहा!"

मग तिच्या आईने ओरडायला सुरुवात केली. मग आणखी दोन-चार बायकांनी. तिकडे मुलीने मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि डोकं हळूच गवतावर टेकवलं. पंचांनी खेळ थांबवला. स्ट्रेचर आलं. सामना चिमणीचा संघ हरला.

खात्रीपत्र लिहिलं गेलं नाही. मावशी ती जर्सी बुरुजाच्या बहिणीकडे घेऊन गेली. तिचं काय करायचं ते आता बहीण ठरवेल. मागच्या खोलीत फ्रेमवाला हल्ली खिडकीकडे तोंड करून काम करतो, आणि त्याच्या पाठीमागे कुणी बोलत नाही.

मंडळी, खेळाच्या आठवणी जरूर जपा. चित्रं जमवा, सह्या घ्या, पोराबाळांना गोष्टी सांगा. पण एखादा खेळाडू डोक्यावर पडतो तेव्हा त्याच्या जिद्दीची परीक्षा नसते, बाकावर बसलेल्या आपल्या सगळ्यांची असते. त्याला विचार करता येत नसतो, म्हणून तो आपल्याला करावा लागतो. पुढच्या वेळी मैदानावर कुणाचं मूल पडलं आणि तुमच्या ओठांवर "ऊठ" आलं, तर ते गिळा, आणि दुसरं काय ओरडायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.