मुंदलखेलाचं रक्त

यूनस आमच्या खळ्यावर मेला तेव्हा माझा नवरा त्याच्यापासून हातभर अंतरावर गहू उफणत होता. यूनस अस्पंदखेल घराण्यातला, वाटेत पाणी प्यायला थांबलेला. समोर त्यांच्या वैऱ्यांच्या, मीरदादखेलाच्या बुरुजावर बंदुकीची नळी हलली तसा तो उडी मारून माझ्या नवऱ्याच्या पाठीमागे लपला आणि त्याचा सदरा मुठीत धरून बसला. बुरुजावरून आवाज आला, "ए खैस्ता मीर, खाली बस! तुझ्याशी आमचं काही नाही!"

नवरा खाली बसला. गोळी यूनसच्या गळ्यातून आरपार गेली. लगेच मेलाही नाही बिचारा. साफ केलेल्या गव्हाच्या राशीवर टाचा घासत पडला होता आणि गळ्यातून रक्ताचे बुडबुडे येत होते. बुरुजावरचे हसले. "वरवरचा गहू काढून टाक रे," ते म्हणाले, "खालचा चांगला असेल!"

मी धावत गेले, नवऱ्याचं अंग चाचपलं, कुठे खरचटलंही नाही हे बघून माझा जीव भांड्यात पडला. "अल्लाची मेहेर," मी म्हणाले.

"मेहेर?" तो माझ्यावर खेकसला. "माझ्या दारात पाणी पिणारा पाहुणा मारला आणि मला गहू निवडायला सांगतात. बखतमीने, मी माणूस आहे की बुजगावणं?"

"बुजगावणं तर बुजगावणं, जिवंत आहात ना! त्या दोन घरांत धडधाकट पुरुष किती उरलेत ते बघा आणि मग बोला."

त्याचं दुखणं मला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाच्या दारात पाहुणा मारला असता तर घरमालकाने बंदूक उचलली असती, आणि नसती उचलली तर बायकांनी त्याच्या तोंडावर थुंकलं असतं. आमच्याबद्दल हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

आमची जमरी जमात एका माणसाची लेकरं, असं सगळे सांगतात. जमर बाबा मेंढरं घेऊन खिंड उतरून इथे आला. त्याचे दोन मुलगे, अस्पंद आणि मीरदाद. दोघांच्या आया वेगळ्या, आणि दोघांचं पाळण्यापासून वाकडं. वाटेत बादशहाच्या फौजेने कापून काढलेला कुणाचा तरी तळ लागला. तिथे विझलेल्या चुलीपाशी राखेत एक पोर रडत होतं. अस्पंदच्या आईने ते उचलून छातीला लावलं आणि त्याचं नाव मुंदल ठेवलं, म्हणजे सापडलेला. आम्ही त्याचे वंशज, मुंदलखेल. जमीन वाटताना बाबाने ओढ्याच्या एका अंगाला अस्पंदला दिलं, दुसऱ्या अंगाला मीरदादला आणि मधली चिंचोळी पट्टी मुंदलला, म्हणजे भावाभावांचे बांध एकमेकांना लागायला नकोत. बाबाने बांधांचा विचार केला, बंदुका त्याच्या वेळी नव्हत्या.

वरचं कुरण दर काही वर्षांनी काड्या टाकून वाटतात. त्यात आमची काडी नसते. जिरगा, म्हणजे जमातीची पंचायत, बसला की रक्ताचे जमरी पुढे बसतात आणि आमचे पुरुष मागे चहा उकळतात. रक्ताच्या फेडीतही आम्ही नाही. अस्पंदखेलाचा एक गेला की मीरदादखेलाचा एक जायला हवा, आणि तोही तोलामोलाचा, घरातला उमदा. मुंदलखेलाचा माणूस मारून कुणाचीच फेड होत नाही, म्हणून आमच्यावर कुणी गोळी वाया घालवत नसे. माझा एकुलता एक शमरोज दोन बुरुजांच्या ऐन मध्ये नांगर धरायचा, वर बेसूर गळ्याने गाणी म्हणायचा, आणि दोन्ही बुरुजांवरून त्याला शिव्या पडायच्या. मी घरात निर्धास्त भाकऱ्या थापत असायचे. नवऱ्याला जी लाज वाटायची, त्या लाजेखाली माझं पोर सुखरूप होतं.

यूनसची फेड अस्पंदखेलाने पाणचक्कीवर केली. एकाच्या जागी दोघे तोडले, मीरदादखेलाच्या जानस खानाचा भाऊ आणि पुतण्या, दोघे पीठ भरत असताना, कुऱ्हाडीने. चक्की कुणी थांबवलीच नाही. आम्ही बायका गेलो तेव्हा ती तशीच फिरत होती आणि पीठ लाल होऊन खाली पडत होतं. पुतण्याचा तुटलेला हात पोत्याचं तोंड घट्ट धरून होता, बाकीचा तो दारापाशी होता.

आता मीरदादखेलाचं एक रक्त येणं राहिलं, आणि ते कुणाचं हे सगळ्या दरीला ठाऊक होतं. अस्पंदखेलाचा मलिक, म्हणजे घराण्याचा प्रमुख, मेवा खान, त्याचा मुलगा दावर. उंचापुरा, देखणा, आणि चक्कीवर कुऱ्हाड चालवणाऱ्यांत पुढे असलेला. तो बुरुजातून बाहेर पडेनासा झाला. त्याचं जेवण दोरीने वर जायचं.

अशात एके दिवशी मेवा खान आमच्या दारात आला. जन्मात ज्याने आमच्या घरचा चहा प्याला नव्हता, त्याने गूळ मागून घेतला.

"खैस्ता मीर, माझे डोळे उघडले बघ," तो म्हणाला. "मुंदल परका नव्हताच रे. अस्पंदचा सख्खा धाकटा भाऊ. पळापळीत तळावर राहिला आणि आईने मागे जाऊन उचलून आणला. सख्ख्या भावाची लेकरं वेगळी कशी? तुम्ही अस्पंदखेलच. माझा आजोबा नेहमी हेच बोलायचा."

"तुमचे आजोबा तर मुके होते ना, काका?" मी पडद्याआडून म्हणाले.

"बखतमीना!" नवरा ओरडला.

मेवा खान हसला. "खुणांनी सांगायचे, सूनबाई."

तो गेल्यावर मी नवऱ्यासमोर उभी राहिले. "शमरोजच्या बापा, रांगेत बसलात की मोजणीत आलात. एवढं कळतंय ना?"

"मोजणीतच यायचंय मला! माझ्या बापाने जन्मभर ह्यांचे पेले धुतले, त्याच्या बापानेही धुतले. मेलो तर विचारायला कुत्रं येणार नाही, हे कसलं जिणं?"

"मला एकच पोर आहे."

"त्याच्यासाठीच करतोय. त्याने पेले धुवायला नकोत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? मी मनातल्या मनात मेवा खानाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

जिरगा आमच्याच पट्टीतल्या चिनाराखाली बसला. मी छपरावरून बघत होते. मेंढा कापला, गुलू न्हाव्याने ढोल वाजवला, आणि मेवा खानाने उभं राहून जमर बाबापासूनची नावं म्हटली. अस्पंदच्या शेजारी पहिल्यांदाच मुंदलचं नाव आलं. माझा नवरा नवा फेटा बांधून पुढच्या रांगेत बसला होता आणि बाहीने डोळे पुसत होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही भरून आलं.

मग जानस खान उठला. ज्याचा भाऊ तोडलेला, तो आता हरकत घेणार, अस्पंदखेलाला आयत्या बंदुका कशा मिळू देईल, असं सगळ्यांना वाटलं. तर त्याने येऊन माझ्या नवऱ्याला कडकडून मिठी मारली. "मुबारक! आम्हाला कबूल आहे. आजपासून खैस्ता मीर आमचाही भाऊबंद." मेवा खानाने मान डोलावली. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही.

कुरणाच्या वाटणीत आमची काडी पडली. नवऱ्याने शमरोजला काडतुसांचा पट्टा आणला. ओढ्याच्या पाण्याची आमची पाळी आली त्या सकाळी मी दारात शमरोजच्या आडवी आले.

"नको जाऊस. पीक जळू दे."

"अदे, रोज जातो तिथेच तर जातोय," तो हसत म्हणाला. आम्ही आईला अदे म्हणतो. "गाणं म्हटलं नाही तर बुरुजावरच्यांना करमणार नाही." त्याने मला उचलून बाजूला ठेवलं. बाप कौतुकाने बघत होता.

पहिली गोळी पोटात लागली. मी पळत सुटले. तो पाटात गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी आतडी आत ढकलत होता. दुसरी गोळी जबड्याला लागली. मी पोचले तेव्हा तो बोलायचा प्रयत्न करत होता पण बोलायला तोंड उरलं नव्हतं. आमच्यात बाईवर गोळी चालवत नाहीत, म्हणून मी त्याच्यावर पसरले. माझ्याखाली तो गार झाला.

"मेल्यांनो!" मी मीरदादखेलाच्या बुरुजाकडे बघून किंचाळले. "खाली बस म्हणायला काय झालं होतं? तुझ्याशी काही नाही म्हणायला काय झालं होतं?"

"आता तो आमचा भाऊबंद आहे, काकी," वरून उत्तर आलं. आवाजात चेष्टा नव्हती.

मेवा खानाने शमरोजला अस्पंदखेलाच्या कबरस्तानात, खुद्द अस्पंदच्या पायाशी जागा दिली. बंदुकांची सलामी दिली. जनाजा निघाला तेव्हा खांदा द्यायला सगळ्यांत पुढे कोण होता? दावर. बंदूक नाही, आजूबाजूला पहारा नाही, मीरदादखेलाच्या बुरुजाखालून रमतगमत चालला होता. मी छपरावरून त्याच्याकडे बघत राहिले आणि माझं रडणं थांबलं. मेवा खानाला आमच्या बंदुका नकोच होत्या. त्याला मुलाच्या जागी द्यायला दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा हवा होता, फक्त तो मोजणीत बसणारा हवा होता. जानस खानालाही दावरच्या बुरुजावर चार माणसं गमावण्यापेक्षा हे सोपं पडलं. फेड झाली की झाली.

तिसऱ्या दिवशी दोन्ही घरांमध्ये दगड ठेवायचं ठरलं. जिरग्याने मध्ये दगड ठेवला की वैर मिटलं, पुन्हा गोळी झाडेल त्याचं घर जाळायचं. सकाळी नवरा फेटा बांधायला बसला. मी फेट्याचं टोक धरलं.

"दावरला खांदा देताना बघितलंत?"

त्याने माझ्या हातातून टोक सोडवून घेतलं आणि फेटा पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला. त्यालाही समजलं होतं.

"आज दगड पडला की तो दावर म्हातारा होऊन मरेल. माझ्या पोराच्या रक्तावर. तुम्हाला रांग हवी की पोर?"

"पोर गेलं, बखतमीने."

"मग त्याला त्यांच्या उपयोगाला तरी येऊ देऊ नका."

मी पुढचं शिकवलं नाही. तो गेला, आणि मी छपरावर चढले. दोन माणसांनी दगड उचलून आणला होता. मेवा खान म्हणाला, "दोन्हीकडचं रक्त बरोबर झालं. कुणाला काही म्हणायचंय?"

माझा नवरा उठला. "मला. बरोबर झालेलं नाही. आम्ही मुंदलखेल. आम्ही राखेत सापडलेल्या पोराची लेकरं, कुठल्या जमातीचे ते आम्हालाही ठाऊक नाही. अस्पंदशी आमचं दुधाचं नातं, रक्ताचं नाही. मी इथे खोटं बोललो आणि तुम्ही खोटं ऐकलंत. माझा मुलगा कुणाच्याच मोजणीत धरू नका."

मग मेवा खानाने शेजाऱ्याची बंदूक हिसकावली आणि दस्ता नवऱ्याच्या तोंडावर घातला. दात पडले. "म्हण, मी अस्पंदखेल आहे! म्हण, कुत्र्या!" नवऱ्याने रक्त थुंकलं आणि म्हणाला, "राखेतला." दुसरा दस्ता कानावर बसला. तो पडला, उठून बसला आणि पुन्हा तेच म्हणाला. वडीलधाऱ्यांनी मेवा खानाला मागून धरलं नसतं तर त्याने त्याचा भुगा केला असता.

जानस खान उठला. म्हणाला, "बापच नाही म्हणतो म्हटल्यावर नाही. मग आमचं येणं बाकी आहे. दगड उचला." जाता जाता तो नवऱ्यापाशी थांबला. "तुझ्या पोराचं वाईट झालं. दोन मेंढ्या पाठवतो." परक्या माणसाचा तेवढाच मोबदला असतो.

मेवा खानाने मागून ओरडून सांगितलं, "आमच्या कबरस्तानात परका चालणार नाही! घेऊन जा तुझं मढं!"

मुल्ला म्हणाला, हे पाप आहे. मेवा खान म्हणाला, पाप माझ्या माथ्यावर. आम्ही दोघंच गेलो. नवऱ्याचं तोंड सुजून भाकरीएवढं झालं होतं, एका कानातून रक्त येत होतं, तरी फावडं त्यानेच धरलं. शेवटची माती मी हातांनी काढली. तीन दिवस झाले होते, उन्हाळा होता. ज्याला मी न्हाऊमाखू घातलं, त्याच्या वासाने मला ओकारी आली, आणि त्याची मला जी लाज वाटली ती आजही वाटते. घोंगडीत बांधून आम्ही त्याला उताराने खाली आणलं, थांबत थांबत. आमच्या पट्टीत, पाटाच्या कडेला पुरला. दुसरीकडे जागाच नव्हती.

वैर मिटलं या भरवशावर दावर मेहुण्याकडे गेला होता; दगड उचलल्याची खबर पोचली तोवर बुरुजात परत शिरायला उशीर झाला होता. त्याच रात्री तिथून निघताना मीरदादखेलाच्या माणसांनी त्याला गाठला, आणि गोळी नाही, चक्कीवरच्यासारखी कुऱ्हाडच वापरली. सकाळी मेवा खानाच्या घरातून बायकांचा आकांत ऐकू आला.

त्याला नवी कबर खणावी लागली नाही. अस्पंदच्या पायाशी आम्ही उकरलेला खड्डा तसाच उघडा होता, त्यातच ठेवला. दावरची आई परतीच्या वाटेवर आमच्या दारात थांबली, म्हणाली, "झालं का तुझं समाधान?" मी म्हणाले, "नाही." खरंच नव्हतं झालं. तिला बसायला बाज टाकली, ती बसली, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे न बघता मोठ्याने रडलो.