हात धुवून येते

मेनूकार्ड उघडायच्या आतच नवऱ्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि मिटून चटण्यांच्या बरण्यांपाशी ठेवून दिलं.

"त्यात काय बघायचंय? पाठ आहे आपल्याला."

तिला बोलायचं होतं ते वेगळंच, आणि त्यासाठीच तर तिने आज इथे यायचं काढलं होतं. घरी टीव्ही असतो, फोन असतो, दारावर कोणी ना कोणी असतं. या थाई हॉटेलात मात्र नवऱ्याची कळी खुललेली असते, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. हॉटेल तसं लहानसंच. मोजकी टेबलं, खिडकीत बेसिलच्या कुंड्या, आणि आत कढईशी स्वतः मालकीण. शनिवारी दुपारी हे दोघं दारात दिसले की ती कोपऱ्यातलं टेबल पुसायला घ्यायची.

"अहो, ते नव्या लॅबचं..."

"थांब गं, आधी मागवू तर दे. पोटात कावळे ओरडताहेत."

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या, कॅप, पडलेल्या दातांच्या जागी नवे दात, सगळं तिच्या हातून घडायचं. शेजारच्या दाताशी नव्या दाताचा रंग ती असा जुळवायची, की बसवून झाल्यावर डॉक्टरही क्षणभर बुचकळ्यात पडत. लॅबचे साहेब आता दुसऱ्या शहरात नवी लॅब काढत होते. ती तिने उभी करावी, नव्या मुलींना तिने शिकवावं, वर्षभर तिकडे राहावं आणि सुट्टीला घरी यावं, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

आठवडाभर तिने हा विषय काढून पाहिला. चहाच्या वेळी काढला तर त्याला पेपर वाचायचा होता, झोपताना काढला तर जांभया येत होत्या. तो सरळ नाही म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. पण तो नाही म्हणतच नव्हता, विषयच पुढे सरकू देत नव्हता. त्याचा धंदा गाडी शिकवण्याचा. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, आणि शिकणाऱ्याने वेग घ्यायच्या आत त्याचा पाय तिथे जायचा. घरात असा ब्रेक बसवलेला नव्हता, पण त्याचं कधी अडलं नाही.

मालकीण ऑर्डर घ्यायला आली.

"मला बेसिल चिकन-भात, वर अंडं," तो म्हणाला. "आणि तिखट हं. गिऱ्हाइकाचं नाही, तुमच्या घरचं तिखट. हिला ते नूडल्स, पॅड थाई. हिला तिखट चालत नाही."

मालकिणीने मान डोलावली आणि जाता जाता तिच्याकडे एक नजर टाकली.

हे 'घरचं तिखट' म्हणजे नवऱ्याचं मोठं भांडवल होतं. नातेवाईक जमले, मित्र भेटले, गाडी शिकायला नवीन कोणी आलं, की तो सुरू व्हायचा. ज्याने थायलंडच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढावं ते आपण मिटक्या मारत खातो, असं तो सांगायचा. भाचरं त्याला थाईमामा म्हणायची आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

"मी जरा हात धुवून येते," ती म्हणाली.

ऑर्डर दिली की ती नेहमीच हात धुवायला जायची. बेसिन स्वयंपाकघराच्या दाराला लागूनच होतं. ती खुर्ची मागे सारून उभी राहिली, तेवढ्यात त्याला आठवलं.

"अगं हो, सांगायचंच राहिलं. काल पेट्रोल पंपावर तुझे साहेब भेटले होते. ते नव्या लॅबचं विचारत होते. मी सांगून टाकलं, आमच्याकडून नाही समजा म्हणून."

"काय सांगितलंत?"

"नाही म्हणून. उगाच त्यांना तरी कशाला लटकत ठेवायचं?"

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? मी ओळखत नाही का तुला? एकटीला नाही जमायचं गं. चार दिवसांत रडत परत येशील. जा, हात धुवून ये, आणतील आता ते."

तिची कानशिलं तापली. नकाराचं तिला एवढं नव्हतं, नकार ती धरूनच चालली होती. पण आठवडाभर ती जे बोलायला धडपडत होती, ते याने पेट्रोल भरता भरता, गाडीच्या खिडकीतून निकालात काढलं होतं. वर आता नॅपकिनची घडी उलगडत बसला होता. ती घडी हिसकावून घ्यावीशी वाटली तिला.

मालकीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा, नजर हिच्याकडे.

पहिल्या वर्षी नवऱ्याने असंच 'तुमच्या घरचं' मागवलं होतं. तेव्हा ती खरोखरच हात धुवायला गेली होती, आणि आत कुटून ठेवलेल्या मिरच्यांचा ढीग पाहून दारातच थबकली होती. नवऱ्याला पित्ताचा त्रास. घरच्या भाजीत एक मिरची जास्त पडली तरी रात्रभर येरझाऱ्या घालायचा. तिने मालकिणीला हळूच सांगितलं, त्यांना एकच घाला, तीही बिया काढून. त्या दिवशी त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि मिशीवरून हात फिरवला. तो इतका खुशीत होता की खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. मग दर वेळी ती हात धुवायला जात राहिली.

आज ती परत खुर्चीवर बसली.

"का गं? हात?"

"घरून धुवूनच निघालेय."

मालकिणीने भुवया उंचावल्या. हिने किंचित मान हलवली, काही नाही म्हणून. मालकीण आत गेली आणि थोड्या वेळाने कढईतला ठसका पार कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत आला.

"वा!" नवरा म्हणाला. "आज जोरात दिसतंय काम."

तिचा हात पर्समध्ये गेला. पित्ताच्या गोळ्यांची पट्टी होती. ती तिने चाचपून पाहिली आणि तशीच आत राहू दिली.

ताटं आली. त्याने चमचा काठोकाठ भरून तोंडात घातला.

"तर मी काय म्हणत होतो, त्या साहेबांना..."

साहेबांना काय ते राहूनच गेलं. तो आधी थांबला, मग त्याचे कान लाल झाले, मग कपाळ पाझरायला लागलं. त्याने पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला, आणि पाण्याने आग आणखीच भडकली. तोंड उघडं टाकून तो नुसता हा हा करत राहिला.

इतक्या वर्षांत त्याला असा गप्प तिने पाहिला नव्हता. ती क्षणभर बघत राहिली. मग तिने फोन काढला आणि त्याच्यासमोरच नंबर लावला.

"साहेब, मीच बोलतेय. काल यांनी सांगितलं ते राहू द्या. मी येतेय." ती थांबली. "हो हो, घरात बोलणं झालंय. इथेच आहेत समोर."

नवऱ्याने हात वर केला. तोंडातून फक्त वाफ बाहेर आली.

मालकीण काकडीच्या चकत्या आणि साखर घेऊन धावत आली. बशी त्याच्यापुढे ठेवून ती हिच्याकडे वळली.

"आज तुम्ही आत सांगायला आलाच नाहीत. मला वाटलं, दादांना आता सवय झाली असेल."

साखरेचा चमचा तोंडात तसाच ठेवून नवऱ्याने बेसिनकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा एवढासा झाला. तिला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

"दर वेळी?" त्याने कसंबसं विचारलं.

"दर वेळी."

मालकीण आत निघून गेली. हिने गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली, आपलं नूडल्सचं ताट त्याच्याकडे सरकवलं आणि त्याचं स्वतःपुढे ओढलं. चमच्याच्या टोकाने अंडं फोडलं. पिवळा बलक भातात उतरला, तशी तिने मिरच्यांसकट घास उचलला. नाकातून पाणी आलं, डोळे भरले. तिने पदराने नाक पुसलं आणि दुसरा घास घेतला.

तो बघतच राहिला. गोड नूडल्सना त्याने हातही लावला नव्हता.

"तुला कधीपासून तिखट चालायला लागलं?"

"लहानपणापासून," ती म्हणाली, आणि तिने चटणीची बरणी पुढे ओढली.