लाल झाकणं, निळी झाकणं

संस्थेत तिला सगळे 'उणेऐंशी' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून फारसं वाईटही वाटत नव्हतं. प्रयोगशाळेतले डीप फ्रीझर शून्याखाली ऐंशी अंशांवर चालत आणि बाईंचा स्वभावही साधारण त्याच सुमाराला स्थिरावला होता. पूर्वेकडच्या इमारतीतले पाच फ्रीझर, चार खोल्या काचसामान आणि अकरा संशोधक तिच्या देखरेखीखाली होते. त्यांपैकी काचसामान तेवढं सांगितलेलं ऐकायचं.

पश्चिमेकडच्या इमारतीत हेच काम तिची नणंद करायची. दोन इमारतींमध्ये दोनशे पावलांचं अंतर, मधे हिरवळ आणि बावीस वर्षांचं नातं. भांडण असं दोघींत कधी झालंच नाही. भांडायला निदान बोलावं लागतं. वाढदिवसाला फोन, रविवारी एका टेबलावर जेवण, एवढ्यावर दोघींचं छान चाललं होतं. दोघींच्या मधे सापडलेला पुरुष, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ, याने ही सगळी वर्षं शुद्ध पाण्यासारखा आपला सामू, म्हणजे पीएच, सातवर ठेवला होता. आम्ल नाही, आम्लारी नाही, मत नाही.

दोघींना या धंद्यात आणलं ते सासऱ्यांनी. संस्थेत ते एकतीस वर्षं तंत्रसहायक होते. मुलीला त्यांनी घरी शिकवलं आणि सुनेला प्रयोगशाळेत. सून तेव्हा सून नव्हती, नवी उमेदवार होती. तिने पिपेट तीनदा विसळून उलटी टांगलेली पाहून सासऱ्यांनी घरी जाऊन मुलाला सांगितलं, की तुझ्यासाठी मुलगी बघितली. पिपेट धुण्यावरून सून पारखणारा माणूस जगात दुसरा झाला नसेल.

सासऱ्यांचा एक छंद होता. त्याला कुणी संशोधन म्हणत नसे, तेही म्हणत नसत. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मंगळवारी संस्थेमागच्या तळ्यात मासे मरून वर आलेले त्यांना दिसले. प्रयोगशाळांचं सांडपाणी तेव्हा सरळ तळ्यात जायचं. काय ओतलं, म्हणून त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, काही नाही. मग सासऱ्यांनी एक बाटली भरून घेतली. काही नाही म्हणजे काय, ते निदान ठेवून तरी देऊ. आज ना उद्या कुणीतरी विचारेल.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी आठ वाजता ते पाव लिटर पाणी भरत आले. एकदा सलग सुट्ट्यांत फ्रीझर बिघडला आणि सहा बाटल्या वितळल्या. तेव्हा त्या सहाही त्यांनी बिनबोभाट फेकून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली आणि नियम केला: प्रत्येक पाण्याच्या बाटल्या दोन. लाल झाकणाची मूळ, ती पश्चिमेच्या इमारतीत. निळ्या झाकणाची जोडीची, ती पूर्वेच्या. एक बुडाली तर दुसरी तरेल. थंडीने शाई उडते म्हणून झाकणावर खिळ्याने नंबर कोरायचा. तारीख, हवा, पाण्याचं तापमान सगळं घरच्या वहीत. निवृत्तीच्या दिवशी नंबर तीनशे साठपर्यंत पोचला होता. त्यांनी लाल बाटल्या मुलीच्या हवाली केल्या आणि निळ्या सुनेच्या. दागिने वाटावेत तसे.

या गोष्टीला बारा वर्षं झाली आणि संस्थेला पर्यावरणाची आठवण झाली.

आठवण खरी होती, हे उणेऐंशीने आधी कबूल केलं असतं. एकेक डीप फ्रीझर एका घराला पुरेल इतकी वीज खात होता. हातमोजे, नळ्या, पिपेटची टोकं मिळून रोज पोत्याने प्लॅस्टिक निघत होतं. जगाला वाचवण्याचे शोध जिथे लागायचे, तिथला कचरा उचलायला दोन गाड्या लागत. म्हणून हरित प्रयोगशाळा समिती स्थापन झाली, समितीने सेहेचाळीस पानांची रंगीत पुस्तिका छापली आणि कागद वाचवण्याचं प्रकरण त्यात एकोणचाळिसाव्या पानावर घातलं. फ्रीझर ऐंशीऐवजी उणे सत्तरवर ठेवा, असं त्यात होतं. तिने पाचही फ्रीझर त्याच दिवशी सत्तरवर आणले. संशोधकांनी आता तिचं नावही बदलायचं का, यावर चहाच्या वेळी चर्चा केली आणि पुरावा अपुरा असल्याचं ठरवलं.

पुढची पायरी जुना माल काढून एकेक फ्रीझर बंद करायची. जी इमारत सर्वांत जास्त वीज वाचवेल, तिच्या दारावर मानाची पाटी. पाटी प्लॅस्टिकची होती, पण भावना हिरवी होती. पश्चिमेच्या इमारतीने दुसरा फ्रीझर बंद केल्याची बातमी बुधवारी आली. निकाल शुक्रवारी होता आणि उणेऐंशीच्या खात्यावर एकच फ्रीझर होता.

तीन नंबरच्या फ्रीझरमध्ये आता फक्त खालचे तीन खण भरलेले होते. निळी झाकणं.

त्या बाटल्या काय आहेत, हे तिला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटच्या शंभरेकांवरचे नंबर तिनेच कोरले होते. पण पुस्तिकेच्या बाराव्या पानावर लिहिलं होतं, की जोडीचे नमुने पहिल्यांदा काढा. या जोडीच्याच होत्या. मूळ लाल बाटल्या दोनशे पावलांवर, नणंदेकडे, सख्ख्या लेकीच्या ताब्यात सुखरूप. तिने फोन काढून लिहिलंसुद्धा: 'ताई, लाल आहेत ना नीट?' मग वाटलं, आज विचारलं तर ती ओळखेल, की मी तीन नंबर बंद करतेय. उद्यापर्यंत तीही एखादा बंद करेल. तिने निरोप पुसला. बाटल्या दुसऱ्या फ्रीझरात हलवता आल्या असत्या, पण त्यासाठी संशोधकांचे डबे लावून घ्यावे लागले असते आणि त्याला आठवडा गेला असता.

गुरुवारी बाटल्या वितळल्या. पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने ते हिरवळीच्या कडेच्या झाडांना घातलं आणि अहवालात 'पाण्याचा पुनर्वापर, नव्वद लिटर' असं नमूद केलं. त्याचे दोन गुण जास्तीचे मिळाले.

त्या दोन गुणांमुळे बरोबरी झाली आणि पाटी दोन्ही इमारतींना विभागून मिळाली. पश्चिमेनेही गुरुवारी आणखी एक फ्रीझर बंद केला होता. कसा, ते तिने विचारलं नाही.

चार महिन्यांनी सासऱ्यांना फोन आला. दूरच्या विद्यापीठातल्या एक संशोधक बाई प्रयोगशाळांच्या सांडपाण्याने आसपासच्या पाण्याचं काय झालं, याचा अभ्यास करत होत्या. आत्ताचं पाणी सगळीकडे मिळतं, तीस वर्षांपूर्वीचं कुठेच मिळत नाही, असं त्यांनी म्हणायला आणि कुणीतरी सासऱ्यांचं नाव सांगायला एकच गाठ पडली.

रविवारी जेवताना सासरे ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, घरातल्या घरात.

"गुरुवारी येतायत त्या," ते म्हणाले. "चाळीस वर्षं विचारलं नाही कुणी. आता विचारलं." मग सुनेकडे वळून म्हणाले, "तू निळ्या काढून दे. लाल हलवायच्या नाहीत, त्या मूळ."

उणेऐंशीने भात वाढता वाढता सांगितलं, की आल्यासारख्या त्यांना मूळच दिलेल्या बऱ्या, ताईंकडच्या. नणंद चटकन म्हणाली, की छे, नियम म्हणजे नियम, वहिनीच्या निळ्याच जाऊ देत. मग बावीस वर्षांत प्रथमच दोघी एकमेकींना मान देऊ लागल्या. तुमच्याकडचं नीट ठेवलेलं असणार. छे छे, तुझ्याइतकं कुणाचं नीट असतं. सासरे कौतुकाने ऐकत होते. नवऱ्याचा घास मात्र हातातच राहिला. सामू सातचा असला तरी माणूस मूर्ख नव्हता.

स्वयंपाकघरात नळ मोठा सोडून नणंदेने विचारलं, "वहिनी, निळ्या आहेत ना?"

"लाल आहेत ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नळ वाहत राहिला. हरित पाटीच्या दोन मानकरणी, पण बंद करायचं एकीलाही सुचलं नाही.

"मला वाटलं, तू तर काही फेकतच नाहीस," नणंद म्हणाली. "उणेऐंशी ना तू."

"मला वाटलं, तुम्ही लेक आहात."

नणंदेनेही फोनवर निरोप लिहून पुसला होता, हे तेव्हा कळलं. शब्दसुद्धा जवळपास तेच. तिचं पाणी झाडांनाही गेलं नव्हतं, मोरीत गेलं होतं, त्यामुळे तिला दोन गुण कमी पडले होते.

पुढच्या रविवारी दोघींनी मिळून सांगायचं ठरलं. पण गुरुवार त्याच्या आधी येत होता. म्हणून सोमवारी सकाळी चहाचा कप पुढे ठेवून उणेऐंशीने एकटीनेच सांगितलं. उभ्याने, अहवाल वाचावा तसं. पाटीचंही सांगितलं, पुसलेल्या निरोपाचंही. शेवटी झाडांचंही सांगितलं.

सासऱ्यांनी कप बशीत ठेवला. समोर वही होती. संशोधक बाईंसाठी त्यांनी तिला नवं पुठ्ठ्याचं वेष्टण घातलं होतं.

"वीज किती वाचली?"

हा आकडा तिला झोपेतही सांगता आला असता. "माझ्याकडची रोज सोळा युनिट. ताईंकडची धरून बत्तीस."

"बरीच की." ते टोमणा मारत नव्हते. तसा मारला असता तर बरं, असं तिला वाटलं. "तो तीन नंबर बंद केलास ते चुकलं नाही. मी असल्यापासून घरघरायचा." मग म्हणाले, "बाटल्या चार नंबरात मावल्या असत्या गं."

"हो बाबा."

"आणि तिला विचारायचं होतंस. दोन ठेवायच्या त्या एवढ्यासाठीच. विचारायला दुसरं कुणी असावं म्हणून."

मग त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला. संशोधक बाईंना नमस्कार केला, तब्येत विचारली आणि सांगितलं, की येऊ नका, वीज गेली होती, दोन्हीकडची, बाटल्या वितळल्या. कुणाचा दोष नाही. यंत्र आहे, चालायचंच. पलीकडून बाई पुष्कळ वेळ हळहळल्या असाव्यात, कारण सासरे बराच वेळ नुसतं हं हं करत होते. एकतीस वर्षांत या माणसाने वहीत एक आकडा अंदाजाने लिहिला नव्हता. पाण्याचं तापमान पाहायचं राहिलं, तर पावसात परत जाऊन पाहून यायचे. आणि आज सुनेसाठी आणि लेकीसाठी सरळ सरळ खोटं बोलले, तेही सराईतासारखं. फोन ठेवून त्यांनी वही उघडली, शेवटच्या नोंदीखाली रेघ मारली आणि वही कपाटात ठेवायला उठले. तिने पुढे होऊन घ्यायला हात केला. त्यांनी ती दिली नाही.

पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी आठ वाजता उणेऐंशी दोन बाटल्या घेऊन तळ्यावर गेली. काठावर नणंद आधीच उभी होती, तिच्याही हातात दोन बाटल्या. आपण येणार, हे दोघींपैकी एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं. सवय एका दिवसात जात नाही.

"चार कशाला?" नणंद म्हणाली.

दोन भरल्या, दोन कोरड्या परत नेल्या. तापमान नणंदेने पाहिलं, नंबर तिने कोरला. तीनशे एकसष्ट. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी वही काढली नाही. वेगळ्या कागदावर लिहून ठेवा, एवढंच म्हणाले.

समितीच्या, फ्रीझर रिकामा करण्याच्या अर्जात आता एक नवा रकाना आहे. तो उणेऐंशीनेच घालून घेतला: 'दुसरी प्रत जिथे आहे तिथे जाऊन पाहिली का?' सगळे संशोधक त्यात जागेवरून न उठता 'हो' असं लिहितात. ती एकेकाला उठवून पाठवते, ते परत येईपर्यंत अर्जावर सही करत नाही आणि तिचं जुनं नाव आता कायम झालं आहे.

मंगळवारी मात्र ती स्वतः जाते. दोनशे पावलं, हिरवळीच्या कडेने. ती झाडं चांगली वाढली आहेत. तिकडे ती बघत नाही. पश्चिमेच्या इमारतीत नणंद फ्रीझरचं दार उघडून धरते, वीज जाते म्हणून फार वेळ नाही. खालच्या खणात लाल झाकणाची बाटली असते. महिन्याला एक. आत्तापर्यंत पाच झाल्या आहेत आणि खणात अजून पुष्कळ जागा आहे.