न पुसलेला आकडा

"मेमरीतली जागा देताना पुसायची राहिलीय," लमजद म्हणाला. "त्या नर्सबाईंनी पाहिलेला आकडा पडद्यावर खरंच आला होता."

फाखरने दार लोटून घेतलं. स्फाक्स शहरातली त्याची कंपनी खाटेशेजारचे मॉनिटर बनवत असे. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लमजद सांभाळी. हिवाळ्यात इस्पितळात एक म्हातारी दगावली होती. पडद्यावर साखर भलतीच वाढलेली दिसली म्हणून दलेंदा नावाच्या नर्सने इन्सुलिन टोचलं. नोंदीत मात्र साखर कमीच निघाली. यंत्र चुकत नाही, असं फाखरने लिहून दिलं आणि दलेंदाची नोकरी गेली.

यंत्र चुकलं होतं. एका कामातून सुटलेली मेमरी गाभा दुसऱ्या कामाला न पुसता तशीच देई. नवा आकडा यायला उशीर झाला, की तिथे उरलेला आधीच्या रुग्णाचा आकडा पडद्यावर उमटे. मग खरा येई, आणि नोंद तेवढ्याचीच राही.

"उपाय?"

"देतानाच जागा शून्याने भरायची. यंत्र किंचित मंदावेल."

"मंदावू दे. पण बाहेर अवाक्षर नको. म्हातारी काय परत येणारेय?"

"नर्सबाई आहेत ना अजून."

"फार पुळका आलाय! मग कोर्टात तूच उभा राहा."

लमजदने दुरुस्ती घातली, पुन्हा पुन्हा तपासली. जुना आकडा उमटेना. दुपारी तो दलेंदाचं घर शोधत गेला.

ती अंगणात पालथ्या तव्यावर मलसूकाचे, म्हणजे रव्याच्या पिठाचे, पातळ पापुद्रे थापत होती. आता तेच विकून घर चालत होतं.

"मी मॉनिटरच्या कंपनीतला, ताई."

"आता काय न्यायचं उरलंय?"

त्याने उभ्यानेच सांगितलं. "यंत्र चुकलं. तुम्ही नाही."

तिचा हात थांबला नाही. तव्यावरचा पापुद्रा सोलून ती म्हणाली, "शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, मीच चुकीचं वाचलं असेल."

"मी इस्पितळात सांगतो. माझी नोकरी गेली तर गेली."

"सांगा. पण मला परत घेतील, असं तेवढं बोलू नका." तिने तवा उतरवला, हात पुसले. "मोंजी, बाहेर ये जरा."

तिचा नवरा दारात आला.

"आता परत सांगा," दलेंदा म्हणाली. "सावकाश. ह्याच्यासमोर. ह्यालाही यंत्रच खरं वाटलं होतं."

लमजदने पहिल्यापासून सांगितलं. मोंजी खाली बघत ऐकत राहिला. मग आत जाऊन त्याने खुर्ची आणली आणि पाहुण्यासमोरून नेऊन ती बायकोजवळ ठेवली.

दलेंदा बसली नाही.