पौर्णिमेच्या संध्याकाळी होडी चालत नाही

पुतळीचे गुडघे गेले त्या वर्षी तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, ती कायमचीच. बाजाराचं काम सून हेमांगीने उचललं आणि पुतळीकडे बोंबील राखायचं काम आलं. धाकटी डहाणूला किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या ताणून त्यांवर बोंबील वाळत घालतात. ते वाळेपर्यंत कावळे आणि मांजरं हाकलायला कुणीतरी लागतं. पहिले पंधरा दिवस पुतळी काठी घेऊन नुसती बसली आणि कंटाळली. सोळाव्या दिवशी ती रिक्षाने डहाणूला गेली आणि वाचनालयात नाव घालून आली.

तिची शाळा सातवीपर्यंतच झाली होती. पण वाचायची सवय सुटली नव्हती, ती मासळी गुंडाळायच्या रद्दीमुळे. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तिच्या हातातल्या कागदावरच्या चार ओळी वाचून व्हायच्या. बातमी बहुतेक वेळा अर्ध्यात फाटलेली असायची. पुढे काय झालं असेल, याचा विचार करत ती बाकीची मासळी विकायची.

वाचनालयात जयश्री नावाची चाळिशीची ग्रंथपाल होती. तिने पहिल्या दिवशी पुतळीला स्तोत्रांचं पुस्तक आणि पाककृतींचं पुस्तक दिलं. पुतळीने दोन्ही दुसऱ्या बुधवारी परत आणली.

"हे नको, ताई. ज्यात काहीतरी घडतं, असं द्या."

मग जयश्रीने तिला रहस्यकथांच्या कपाटापाशी नेलं. ते कपाट वर्षभरात संपलं. नंतर इतिहासाचं उघडलं, आणि त्यातून कंटाळा आला की अधूनमधून विज्ञानकथांचं. पुस्तक पुतळी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवायची, तरी वाळत्या बोंबलांचा वास त्याला लागायचाच. जयश्री एकदा याबद्दल बोलली, तेव्हा एक निवृत्त मास्तर तिथेच पुस्तक शोधत उभे होते. ते म्हणाले, "राहू द्या हो. शेवटच्या पानापर्यंत वास असेल, तर मी ते पुस्तक डोळे मिटून घेतो. न आवडलेलं ती पूर्ण वाचत नाही."

टेबलावर एक अभिप्रायाची वही असायची. आलेले पाहुणे तिच्यात 'वाचनालयाचे कार्य स्तुत्य आहे' असं लिहून सही करायचे. पुतळीने विचारलं, "यात पुस्तकांबद्दल लिहायचं ना?" जयश्री हो म्हणाली, आणि तेव्हापासून वहीचा रंगच बदलला.

'मंगळावरच्या वस्तीची गोष्ट चांगली आहे,' असं पुतळीने लिहिलं. 'पण चाळीस माणसं दोन वर्षं एकत्र राहिली आणि पाण्यावरून एकदाही भांडली नाहीत, हे पटत नाही.'

यंत्रमानवाच्या एका कादंबरीबद्दल होतं, 'तो सगळं घरकाम करतो. मग घरातली बाई दिवसभर काय करते? मला तेच वाचायचं होतं, ते लिहिलंच नाही.'

इतिहासाच्या जाड ग्रंथाखाली तिने जरा रागानेच लिहिलं होतं. 'सहा हजार माणसं एका रात्रीत खाडी उतरून गेली. राजाच्या घोड्याचं नाव दिलं आहे. होड्या कुणाच्या होत्या? एका तरी होडीवाल्याचं नाव हवं होतं.'

आणि एका रहस्यकथेबद्दल एकच ओळ. 'खुनी चाळिसाव्या पानावर कळला. सगळे रडत असताना तो एकटाच चहाचं विचारतो.'

लोक पुस्तक बदलायला आले की आधी ही वही चाळू लागले.

मग एका वर्षी पावसाळ्यानंतर वाचनालयात नवी पुस्तकं आली. त्यांत तुषार मोडक नावाच्या लेखकाची एक रहस्यकादंबरी होती आणि ती चक्क डहाणूच्या खाडीवर घडत होती. पुतळीने ती दोन दिवसांत वाचली. एका बंगल्याच्या मालकाचा खून होतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी, चंद्र उगवता उगवता, खुनी होडी वल्हवत खाडी पार करतो आणि काम उरकून परत जातो. होडी असते फक्त माळ्याकडे. माळ्याला जन्मठेप होते, आणि पुस्तक संपतं.

पुतळीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बुधवारी तिने वहीत पानभर लिहिलं.

'माळी निर्दोष आहे. पौर्णिमेला भरती भर दुपारी असते. चंद्र उगवतो त्या वेळेला ओहोटी लागून खाडीत चिखल पडलेला असतो. मोठी बोट सोडा, लहान होडीसुद्धा जागची हलत नाही. पोलिसांनी कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. खून दुसऱ्या कुणीतरी केला आहे.'

जयश्रीने ते वाचलं, मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि प्रकाशकाच्या ई-मेल पत्त्यावर पाठवून दिला. पुतळीला विचारलं नाही. तीन आठवड्यांनी लेखकाचा फोन आला, तेव्हा जयश्रीला ते सांगावंच लागलं.

"माझं लिहिलेलं तुम्ही मुंबईला पाठवलंत?" पुतळीने विचारलं.

"ठाण्याला. रागावलात का, मावशी?"

"रागावले. मी आपल्या लोकांसाठी लिहिते. परक्या माणसाला तोंडावर असं बोलत नाही मी."

"ते स्वतः येतो म्हणालेत. खाडी बघायची आहे त्यांना."

पुतळीने हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "येऊ देत. पण पौर्णिमेच्या आसपास बोलवा. नाहीतर काय बघणार?"

मोडक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आले. साठीचे, बँकेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट आणि नवी चामडी चप्पल. सोबत जयश्री होती. पुतळीचा नवरा नारू घराबाहेर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने आजवर बायकोच्या पुस्तकांत कधी लक्ष घातलं नव्हतं, पण लेखक घरी येणार म्हणून धुतलेला सदरा घातला होता.

मोडक चहा घेताना हसून बोलत होते, पण वहीतलं ते पान त्यांना लागलं होतं, हे कळत होतं.

"मी इथे दोन दिवस राहून गेलो होतो, पुतळीबाई," ते म्हणाले. "खाडीत भरपूर पाणी होतं तेव्हा. आणि शेवटी ही गोष्ट आहे. थोडं इकडेतिकडे चालतं."

"माणसं इकडेतिकडे केलेली चालतात," पुतळी म्हणाली. "पाणी नाही चालत, साहेब. तुमच्या पाण्यावर एक माणूस तुरुंगात गेलाय."

नारूने जाळं बाजूला ठेवलं. "साडेपाच वाजलेत. चला, दाखवतो."

खाडीवर पाणी मधल्या एका पट्ट्यापुरतं उरलं होतं. बोटी एका कुशीवर कलंडल्या होत्या. काठापासून त्या पट्ट्यापर्यंत नुसता चमकणारा काळा चिखल होता. नारूने एका लहान होडीवर हात ठेवला.

"ढकला."

मोडकांनी ढकलली. होडी हलली नाही. त्यांनी जोर लावायला एक पाय पुढे टाकला, तो पोटरीपर्यंत आत गेला. पाय निघाला, चप्पल आतच राहिली. नारूने वाकून खांद्यापर्यंत हात घातला, चप्पल शोधून काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. कुणीच हसलं नाही. शेवटी मोडकच आधी हसले, मग सगळ्यांना हसू फुटलं.

पाय धुऊन ते पुन्हा ओट्यावर बसले, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"बरं, होडी नाही," ते म्हणाले. "मग खून केला कुणी? माझी गोष्टच उरली नाही."

"उरली की. चांगली उरलीय," पुतळी म्हणाली. "मालकाच्या त्या पुतण्याने केला."

"पुतण्या? तो तर पलीकडच्या काठावर राहतो. त्याच्याकडे होडी नाही, म्हणून तर त्याच्यावर संशय येत नाही."

"होडी लागतेच कशाला? ओहोटीला आमच्या बायका शिंपल्यातली कालवं काढायला चालत जातात पलीकडे, मधल्या पट्ट्यात तेव्हा गुडघाभरच पाणी असतं. कुठे घट्ट आहे, कुठे पाय रुततो, हे ज्याला ठाऊक असेल तो जाईल. आणि त्याला ठाऊक होतं. तिसऱ्या प्रकरणात तुम्हीच लिहिलंय, लहानपणी तो कालवंवाल्या बायकांच्या मागे मागे फिरायचा."

मोडकांनी तिसरं प्रकरण आठवून पाहिलं. "ते मी लिहिलंय खरं. का लिहिलं होतं? त्याचं बालपण गरिबीत गेलं, एवढंच दाखवायला."

"तुम्ही कशालाही लिहिलेलं असो. मला वाटलं, आता हा सापडणार. शेवटपर्यंत वाट बघितली मी."

मोडकांनी जयश्रीकडून कागद मागून घेतला आणि टिपणं काढायला सुरुवात केली. घट्ट वाट कुठून जाते, तिला किती वेळ लागतो, परतताना पाणी चढलं तर काय होतं, असं ते विचारत होते. अर्धी उत्तरं पुतळी देत होती, अर्धी नारू. नारूने मध्येच स्वतःहून सांगितलं, "कालवांच्या धारेने तळपाय कापतात साहेब. सवय मोडलेला माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी लंगडणार." मोडकांनी हे दोनदा अधोरेखित केलं. निघताना हेमांगीने त्यांना सुके बोंबील बांधून दिले.

दुसरी आवृत्ती उन्हाळ्यात आली. तिच्यात माळी सुटतो आणि पुतण्या लंगडतो म्हणून पकडला जातो. मोडकांनी आधी फोन करून विचारलं होतं, पुस्तकात तुमचे आभार मानू का? पुतळी म्हणाली, "माझे नको. माळी सुटला, बास. त्याला पुढे काम मिळालं का, तेवढं एक वाक्य घाला." ते वाक्य त्यांनी घातलं. जयश्रीने दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि लोक दोन्ही घेऊन जाऊ लागले.

पुढच्या थंडीत टपालाने एक जाड पाकीट आलं. आत मोडकांच्या नव्या कादंबरीची छापायच्या आधीची पानं होती आणि एक चिठ्ठी होती. 'ही गोष्ट तलासरीकडची आहे, हायवेवरची, गुजरातच्या सीमेजवळची. छापण्याआधी तुमचं मत हवं.'

पुतळीने ती पानं बोंबील राखता राखता मोठ्याने वाचली, कारण नारूने तसं सांगितलं होतं. त्या चिखलातल्या चपलेपासून त्याला या प्रकारात रस आला होता. तो जाळं मांडीवर घेऊन ऐकायचा आणि मध्येच "हा खोटं बोलतोय" असं म्हणायचा. दुपारी दोन वाजता टपरीवाल्याला समोरच्या गोदामातली किंकाळी ऐकू येते, त्या पानाशी पुतळी थांबली.

"काय झालं?" नारूने विचारलं.

"टपरी हायवेवर आहे. दुपारी तिथे ट्रक किती जातात, त्या आवाजात ऐकू येईल का? मला तिकडचं काही ठाऊक नाही."

"मग बघून येऊ."

पुतळीने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती दोघं लग्नाला, मयताला, दवाखान्याला आणि महालक्ष्मीच्या जत्रेला एकत्र गेली होती. नुसतं बघायला म्हणून कुठे गेली नव्हती.

रविवारी हेमांगीने भाकऱ्या आणि करंदीची, बारीक सुक्या कोळंबीची चटणी बांधून दिली. दोघं एसटीने तलासरीला उतरली आणि तिथून भरली की सुटणाऱ्या वडाप जीपने पुढे गेली. दोनच्या सुमारास हायवेच्या कडेला, एका टपरीसमोर, पुतळी कानावर हात न ठेवता डोळे मिटून उभी राहिली. नारू रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि ठरल्याप्रमाणे तिथून हाका मारू लागला. ट्रकमागून ट्रक जात होते, हाक एकही ऐकू येत नव्हती. पुतळीला त्याचं तोंड हललेलं दिसलं असतं, पण डोळे उघडायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं.

टपरीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्याने गुजरातीत विचारलं, "शुं जुओ छो, मासी?"

"खून झाला तेव्हा आवाज आला असता का, ते बघतेय," पुतळी म्हणाली.

त्याने हातातला ग्लास खाली ठेवला. एवढ्यात नारू धापा टाकत परत आला आणि म्हणाला, "पुस्तकातला हो, पुस्तकातला."

टपरीवाल्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग फडक्याने बाक पुसला, दोन चहा ओतले आणि मराठीत म्हणाला, "बसा मग. कोणाचा खून?"