भिंतीकडची जागा

मी एक जुना बाक आहे. सागाचा, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब आणि एका पायाने जरा लंगडा. सुतार मला घासूनपुसून गुळगुळीत करत होता तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं होतं, "एवढं कशाला घासताय? देव थोडाच बसणार आहे त्यावर?" सुतार म्हणाला, "देव राहील उभा. रडायला आलेलं माणूस बसणार आहे." मित्रांनो, माझा जन्म हा असा झाला.

प्रार्थनाघराच्या मागच्या कोपऱ्यात मला ठेवलं. तिथे एक रीत होती. ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल त्याने प्रार्थना संपल्यावर माझ्या भिंतीकडच्या टोकाला बसायचं आणि आपण होऊन उठायचं नाही. कोणीतरी शेजारी येऊन बसायचं, हात देऊन उठवायचं आणि घरापर्यंत सोबत जायचं. शेजारच्याने उपदेश मात्र करायचा नाही. कोणी आत्म्याबित्म्यावर घसरलाच तर म्हातारे गुरुजी लांबूनच ओरडायचे, "ते माझं काम आहे. तुम्ही तुंबलेल्या मोरीचं बोला."

चष्म्याच्या दुकानवाल्यांची बायको गेली तेव्हा त्यांच्या शेजारी शिंपीणकाकू येऊन बसल्या. मग काकू म्हणाल्या, "माझं मशीन टाके सोडतंय हो." चष्मेवाले ढिम्म. "सुई बदलली, दोरा बदलला, तरी सोडतंय." शेवटी चष्मेवाले वैतागून म्हणाले, "अहो, तेल घाला त्यात." काकूंनी लगेच हात पुढे केला. ते उठले. त्या दिवशी मला माझ्या लाकडाचा फार अभिमान वाटला.

पुढे गावातली बहुतेक तरणी पोरं एकेक करून परदेशी गेली. गुरुजीही देवाघरी गेले, आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना. मग परदेशातल्या पोरांनी मिळून एक भलामोठा पडदा पाठवला. दूरदेशीचे एक नामवंत गुरू त्यावर दिसू लागले. त्यांचा आवाज गोड, बोलणं सुरेख. एकाच वेळी साऱ्या जगात त्यांची प्रार्थना चालते, आणि किती माणसं सामील आहेत त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सारखा पळत असतो. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझाही ऊर भरून आला. लांब गेलेल्या लेकी आणि इथल्या आया एकच प्रार्थना म्हणत होत्या.

पण जगाच्या गुरूंना आमच्या गल्लीत कोण आजारी आहे ते कसं कळावं? प्रार्थना संपली की पडदा विझे आणि माणसं फोन काढत पांगत.

मग शिंपीणकाकूंचा मुलगा परदेशात गेला. म्हणजे वारला. काकूंनी त्याचा अंत्यविधी फोनवर पाहिला. मधेच चित्र अडकलं, आणि परत सुरू झालं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्या आठवड्यात काकू प्रार्थनेला आल्या आणि संपल्यावर माझ्या भिंतीकडच्या टोकाला बसल्या. हात मांडीवर, तळवा जरा उघडा. माणसं समोरून जात होती. काहींनी मान तुकवली, काहींनी नजर चुकवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लाकडाला कुठला आवाज?

दुखरा गुडघा सावरत चष्मेवाले थांबले. काकूंनी मान वर केली. माझा जीव टांगणीला लागला.

"वाईट झालं," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. "गुरूंचं दुःखावर एक प्रवचन आहे. लिंक पाठवतो. ऐका, बरं वाटेल."

"तुमचा गुडघा कसा आहे?" काकूंनी विचारलं.

"चाललंय," म्हणत ते फोनमध्ये लिंक शोधू लागले. ती सापडली, त्यांनी पाठवली. काकूंच्या पिशवीत फोन वाजला. चष्मेवाले नमस्कार करून निघून गेले.

काकू बऱ्याच वेळाने माझ्या हातावर भार टाकून एकट्या उठल्या. त्या टोकावरून असं एकट्याने कोणी कधी उठलं नव्हतं. काकू पुन्हा आल्या नाहीत.

आता मी दाराबाहेर असतो. लोक माझ्यावर बसून बूट घालतात आणि जातात. आत पडदा सांभाळणारा तरुण परवा कौतुकाने सांगत होता, "काकू घरबसल्या ऐकतात, एकही प्रार्थना चुकवत नाहीत." म्हणजे त्या पळत्या आकड्यात काकूही आहेत. एवढ्या लाखो माणसांच्या सोबत त्या एकट्या बसलेल्या असतात.

मित्रांनो, माझं कोणी ऐकेल असं आता वाटत नाही. तरी सांगतो. कोणी असं बसलेलं दिसलं, तर काही पाठवू नका. शेजारी बसा. सुचलं नाही तर मोरीचं बोला. आणि मग हात द्या, कारण ते माणूस त्यासाठीच थांबलेलं असतं.