मकवाला उठत नाही

मकवाला कमरेपर्यंत काळ्या वाळूत पुरलेली होती आणि नवऱ्याला, दोमेंतीला, पुन्हा येताना बघून तिचं डोकं फिरलं. पहिल्यांदा तो किल्ली विचारायला आला, मग चीज कुठं ठेवलंय ते विचारायला. चीज कुठं असणार? चाळीस वर्षं असतं तिथं, मिठाच्या पाण्यात!

उरेकीच्या समुद्रकाठच्या या वाळूत पाय पुरून घ्यायला लोक कुठून कुठून येतात. मकवालाच्या अंगणातल्या खोल्यांत राहतात, कुबड्या घेऊन येतात आणि पंधरा दिवसांनी बसपर्यंत चालत जातात. त्यांच्या चादरी धुण्यात तिची तीस वर्षं गेली. स्वतःच्या गुडघ्यांसाठी मात्र ती कुताइसी शहरापर्यंतचे डॉक्टर पालथे घालून आली. काखेत कळसा नि गावाला वळसा.

या उन्हाळ्यात मुलानं, बेसोनं, सांगूनच टाकलं. "आई, या जिन्याच्या अकरा पायऱ्या सप्टेंबर संपेपर्यंत तुझ्या तू चढलीस तर ठीक. नाहीतर घराला कुलूप, आणि तुम्ही दोघं माझ्याकडं रुस्तावीला. सातव्या मजल्यावर."

म्हणून ही वाळू. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, मध्ये उठायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घामेजल्या गुडघ्यांना वारा लागला की सगळं मुसळ केरात. दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा कुणीतरी पाहुणा टपकला. पाहुणा आल्यावर घरची बाई उठली नाही, असं इथं कधी झालेलं नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. आता ही तिसरी खेप, आजचा बारावा दिवस. सप्टेंबर सरत आला होता, वाळू थंडावत चालली होती. चौथी खेप नव्हती.

"मकवाला, ऊठ! लवकर ऊठ!" दोमेंती धापा टाकत म्हणाला. "वारलाम साहेब आलेत! चहाच्या कारखान्याचे डायरेक्टर! आपल्याकडंच उतरणार म्हणतात."

घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

"येऊ देत. माझी अठरा मिनिटं राहिलीत."

"अगं, ते बघ, इकडंच येतायत!"

खरंच येत होते. दोन काठ्या, गवती टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. या माणसाची जीप मळ्यावर दिसली की बायांनी हातातलं पान टाकून रांगेत उभं राहायचं. तशीही बसायची मुभा नव्हतीच. बसून चहा खुडला जात नाही, हे याचंच वाक्य. मळ्यात आता काटेरी वेली माजल्यात, पण ते वाक्य मकवालाच्या गुडघ्यांत अजून ठणकत होतं.

"ऊठ गं," दोमेंती दातओठ खात कुजबुजला. "लाज काढतेस माझी."

"या साहेब," मकवाला म्हणाली. "मी उठणार नाही."

"आजारी आहे हो ती..."

"आजारी नाही मी! सव्वीस वर्षं यांच्या मळ्यात उभी होते. आता अठरा मिनिटं बसणार."

दोमेंतीनं डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्यानं एक काठी वाळूच्या ढिगाकडं रोखली.

"चौथी तुकडी?"

"दुसरी."

"दुसऱ्या तुकडीतल्या बाया एवढ्या बोलत नसत."

"बोलायच्या की. तुमची जीप गेल्यावर."

म्हातारा हसला की खोकला, ते कळलं नाही. पण तो गेला नाही. वाळूत बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून काठ्यांवर भार टाकून अठराच्या अठरा मिनिटं तो तिच्यासमोर उभा राहिला. मकवालाला ते आवडलं. खोटं कशाला बोला, फार आवडलं.

घरी आल्यावर दोमेंतीनं साहेबांना हात देऊन वर नेलं आणि वाईन ओतली. मकवाला कठड्याला धरून खाली उभी राहिली. काल चार पायऱ्या झाल्या होत्या. आज पाचवी झाली, सहावी झाली, सातवीवर गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि ती तिथंच बसली.

"सात!" ती वर बघून ओरडली.

दोमेंती ग्लास घेऊन दारात आला. रागातच होता, तरी बोटांवर मोजू लागला. "उरले तीन दिवस. रोज एक धरली तरी दहाच होतात. बेसो अकरा म्हणालाय."

"मग अकरावी तू उखडून टाक! चाळीस वर्षांत माझं एक काम कर!" तिचा आवाज एकदम फाटला. "पण मला या घरातून नेऊ नको रे, दोमेंती."

त्यानं ग्लास कठड्यावर ठेवला. मग चार पायऱ्या उतरून तो तिच्याशेजारी बसला आणि आत पाहुणा टेबलाशी एकटाच राहिला.